ज्याचं माणूस बाहेर, त्याचीच घंटा

मी पस्तीस वर्षं रस्त्यांवरचे खड्डे बुजवले आणि माझी मुलगी खड्डे शोधत हिंडते. लोझेर डोंगराच्या दक्षिण उतारावरचा एकेक रस्ता मी फावडं आणि डांबर घेऊन जपला. क्लेमांसला मात्र गुळगुळीत रस्ता दिसला की तिचं तोंड वाकडं होतं. तिला खडी हवी. मेंढरांच्या खुरांनी खोल गेलेल्या वाटा हव्यात, ज्यांच्या दोन्ही बाजूंना कुणा पणजोबाने दगड रचून ठेवलेत. जुन्या काळी इथली जमीन ज्यांची होती त्या माल्टाच्या सरदारांनी हद्दीवर रोवलेले, क्रॉस कोरलेले उभे दगड हवेत. जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल घेऊन ती या वाटांवरून शहरातल्या लोकांना फिरवते. ते चिखलात पडतात, ढोपरं फोडून घेतात आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून तिचे आभार मानतात. आमची म्हातारी माणसं याच वाटांवर पाय घासून मेली, पण त्यांचे आभार मानायला कुणी आलं नाही.

खोटं कशाला बोलू, नंतर मीही त्या नादाला लागलो. माझा खुबा निकामी झालाय. दोनशे पावलं चाललो की डोळ्यांत पाणी येतं, पण सायकलवर बसलं की दुखत नाही. क्लेमांसने मला बासष्टाव्या वर्षी तसल्या सायकलवर बसवलं. तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही दोघं डोंगरावर जायचो, ती पुढे आणि मी धापा टाकत मागे. सहा वर्षांत एकही गुरुवार चुकला नव्हता. चुकला तो एप्रिलमधला शेवटचा.

त्या सकाळी कॉफी पिता पिता ती म्हणाली, "बाबा, शरद ऋतूपासून मी खाली व्हिलफोरला राहायला जाणार आहे. लोकांना आगगाडीने येणं सोपं पडतं. खोली बघितलीय."

"बघितलीय म्हणजे ठरवलंयस," मी म्हणालो.

"ठरवलंय."

"मग विचारतेस कशाला? जा की. इथे तुला कुणी खुंट्याला बांधलंय?"

"विचारत नाहीये, सांगतेय. आणि तुम्ही उगाच तोंड सोडू नका."

पण तोंड सोडायला मला कारण लागत नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, असं माझी बायको ओदिल म्हणते ते उगाच नाही. मी म्हणालो, "गेलीस की वर येऊच नकोस. तुझ्या त्या चिखलातल्या सर्कशीची इथे कुणाला गरज नाही."

क्लेमांस उठली. "बरं. आज रात्री खालीच राहते," म्हणाली आणि सायकल काढून गेली. ओदिलने माझ्यासमोरून कॉफीचा वाडगा उचलला, मी अजून पीत होतो तरी.

दुपारपर्यंत लख्ख ऊन होतं. पावणेदोनच्या सुमाराला वारा फिरला, उत्तरेचा झाला आणि ढग डोंगराच्या कण्यावरून खाली घसरला. बघता बघता बर्फ आडवं उडायला लागलं. आमच्याकडे मे महिन्याचाही भरवसा नसतो, त्यामुळे मी काही दचकलो नाही. उलट मनात म्हटलं, पोरगी खाली गेली ते बरं झालं.

तीन वाजता आबेलचा फोन आला. आबेल डोंगराच्या पलीकडे मेंढरं राखतो.

"सिप्रियां, पोचली का तुझी लेक?"

"कुठे पोचली? ती व्हिलफोरला आहे."

"छे रे. दीड वाजता खिंडीत भेटली मला. घरी चालली होती. बापाशी भांडून गेलं की दिवसभर करमत नाही म्हणाली. मी म्हटलं पोचली असेल, म्हणून फोन..."

खिंडीतून आमच्या फेसोलपर्यंत सायकलने चाळीस मिनिटं लागतात आणि दीड तास उलटून गेला होता. ओदिलने माझ्या हातून फोन हिसकावून डोंगरी पोलिसांना लावला. त्यांनी सांगितलं की अशा हवेत हेलिकॉप्टर उडणार नाही, बर्फावरची गाडी घेऊन रस्त्याने येतो, वेळ लागेल. तेवढं ऐकू आलं आणि फोन मुका झाला. मोबाइलचं तर आमच्या वाडीत नावच काढू नका.

मी भट्टीकडे धावलो. धावलो म्हणजे खुबा धरून जमेल तसा गेलो. आमच्या वाडीला चर्च नाही. गावाच्या पावाच्या भट्टीवर दगडी कमान आहे, त्या कमानीत घंटा आहे आणि तिचा दोर भट्टीच्या तोंडाशी लोंबतो. ती प्रार्थनेला वाजत नाही. वाजते ती मुख्यतः बर्फाच्या वादळात, वाट चुकलेल्या माणसाला घराची दिशा कळावी म्हणून. तिचे नियम इथल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळतात. ज्याचं माणूस बाहेर, त्याचीच घंटा. शेजारच्या वाडीने हात लावायचा नाही. माणूस घरी येईस्तोवर थांबायचं नाही. आणि घंटा थांबली की समजायचं, माणूस घरी आलं.

मी दोर ओढायला लागलो. बर्फ डोळ्यांत, कानांत, गळ्यातून आत. हात भरून आले की ओदिल ओढायची. ती चौसष्ट वर्षांची आहे आणि दीड मण बटाट्याचं पोतं अजून एकटी उचलते, पण त्या दिवशी तिच्या तोंडून प्रत्येक ओढीला कण्हल्यासारखा आवाज येत होता.

वीसेक मिनिटं झाली असतील. वारा मध्येच पडला आणि डावीकडून दुसरी घंटा ऐकू आली. कॉम्बेतची.

कॉम्बेत म्हणजे दरीपलीकडची वाडी. सरळ बघितलं तर एक किलोमीटर, रस्त्याने गेलं तर सात. तिथे आता बारा महिने राहते ती फक्त सोलेन. मडकी घडवणारी बाई, उत्तरेकडून लीलहून आलेली, इथले दोनच हिवाळे बघितलेली. मनाने फार चांगली. आमची घंटा ऐकून तिला वाटलं असणार, आपणही वाजवू, तेवढीच मदत.

"ती कशाला वाजवतेय?" ओदिल ओरडली.

"मदत करतेय."

"आग लागो तिच्या मदतीला! पोरगी दरीत जाईल!"

तेच मला दिसत होतं. दोन धनगरांनी दोन बाजूंनी हाका मारल्या की मेंढरू दोघांच्या मधोमध चालायला लागतं. आमच्या आणि कॉम्बेतच्या मधोमध आधी दलदल आहे आणि मग दीडशे फुटांचा कडा. डोळ्यांपुढे हात दिसत नसताना कानाला दोन्हीकडून घंटा आली तर क्लेमांस कुठे जाणार?

सोलेनला थांब म्हणून सांगायचं कसं? ओरडून आवाज भट्टीच्या पलीकडे जात नव्हता. सात किलोमीटर बर्फातून माझा खुबा मला नेणार नव्हता. मी दोर ओढत विचार करत होतो आणि विचार एकाच जागी येत होता. कॉम्बेत आमच्यापेक्षा उंचावर आहे, खिंडीला जवळ आहे. वारा आमचा आवाज आमच्याच तोंडावर आणून टाकत होता. दोनातली एकच घंटा वाजायला हवी असेल, तर तिची वाजायला हवी. आणि मला थांबवता येण्यासारखी घंटा एकच होती, माझी स्वतःची.

मी दोर सोडला.

ओदिल घरातून माझ्यासाठी कोरडे हातमोजे घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली. "का थांबलास?"

"दोन नकोत. तिची एकटीची वाजू दे."

"दोर धर."

"ओदिल, ऐक..."

"दोर धर म्हणते ना! माणूस घरी आल्याशिवाय कुणी सोडलाय का दोर आजवर?" ती दोराकडे झेपावली. मी तिची दोन्ही मनगटं धरली. चाळीस वर्षांत मी तिच्यावर कधी जोर केला नव्हता. तिने मला लाथा घातल्या, छातीत डोकं हाणलं. "भांडण जिंकायचंय तुला! पोरगी मेली तरी जिंकायचंय!"

मी नुसती तिची मनगटं धरून ठेवली. कॉम्बेतची घंटा एकटी वाजत होती, स्पष्ट. मी देवाला म्हटलं, एवढं तिला ऐकू जाऊ दे, बाकी माझं काय करायचं ते कर.

पाच मिनिटं झाली नसतील आणि ती घंटाही थांबली.

ओदिलच्या अंगातला जोर गेला. "पोचली?" तिने विचारलं आणि हात सुटताच छातीवर क्रॉस केला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. माणसाला जे हवं असतं ते आधी वाटतं. मग मला घंटेखालचा फलक आठवला.

दहा वर्षांपूर्वी राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी दोन्ही वाड्यांतल्या घंटांखाली माहितीचे फलक लावले. मजकूर मी लिहून दिला होता. मोठ्या झोकात लिहिला होता: घंटा वाजे तोवर गाव जागं, घंटा थांबली की सर्वांना कळे, वाट चुकलेलं माणूस घरी आलं. पाहुणे त्याचे फोटो काढतात. पण ज्याचं माणूस बाहेर त्याचीच घंटा, हा पहिला नियम मी लिहिलाच नव्हता. मनात आलंच नाही. तो ज्याला ठाऊक नाही असं माणूस मी तोवर पाहिलंच नव्हतं. सोलेनने इथल्या घंटेबद्दल जे काही वाचलं होतं ते माझ्या फलकावर. तिने माझी घंटा थांबलेली ऐकली, आनंदाने स्वतःची थांबवली आणि बहुतेक चहाला आधण ठेवलं.

डोंगरावर आता एकही घंटा वाजत नव्हती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

मी दोरावर अक्षरशः पडलो. वेड्यासारखी घंटा बडवली. थोड्या वेळाने कॉम्बेतचीही पुन्हा सुरू झाली. बिचारीला वाटलं असेल, आणखी कुणीतरी हरवलं. म्हणजे पुन्हा दोन. आम्ही होतो तिथेच आलो. मी थांबलो की ती थांबणार, मी वाजवली की दोन वाजणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी दोर ओढत होतो आणि मोठ्याने रडत होतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

रडता रडताच एक गोष्ट सुचली. सोलेनला एवढंच कळायला हवं की इथलं माणूस अजून आलेलं नाही. त्याला एक टोला पुरे होता. एक टोला द्यायचा, मग शंभर मोजायचे, मग दुसरा द्यायचा. मधल्या सगळ्या वेळात कॉम्बेतची एकटी वाजेल आणि क्लेमांस तिच्या मागे जाईल.

मी एक टोला दिला आणि मोजायला लागलो. शंभरला दुसरा. तिसऱ्या टोल्याला, फोन लागतो का बघायला गेलेली ओदिल घरातून धावत बाहेर आली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"हे काय वाजवतोयस तू?"

"बत्तीस. तेहतीस. मोडू नकोस, मोजतोय."

"ही मेलेल्याची घंटा आहे, सिप्रियां! तुझ्या आईला अशी वाजवली, माझ्या भावाला अशी वाजवली! जिवंत आहे ती! माझी पोर जिवंत आहे!"

खरं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की अशीच वाजते, सुटी सुटी, मध्ये मोठी शांतता ठेवून. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा धरून मी तिला सगळं सांगितलं, फलकाचंसुद्धा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "किती झाले?"

"चुकलो."

"साठ धर." आणि ती मोजायला लागली.

बरं झालं ती मोजत होती. माझ्याच्याने शंभर निघत नव्हते. सत्तर-ऐंशीला माझे हात आपोआप दोराला ओढ द्यायचे, तेव्हा ती माझ्या मुठींवर स्वतःच्या मुठी दाबून धरायची. "अजून वीस," म्हणायची. पोटचं पोर बर्फात असताना हातात दोर धरून स्वस्थ उभं राहायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. साडेचार वाजले, साडेपाच वाजले. बर्फ ओदिलच्या भुवयांवर साठलं होतं. मी एकदा म्हणालो, "सकाळी मी तिला येऊ नकोस म्हणालो." ओदिल म्हणाली, "त्रेसष्ट. चौसष्ट."

सहाच्या आसपास कॉम्बेतची घंटा थांबली.

मी टोला दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला. काहीच नाही.

"पोचली," ओदिल म्हणाली, पण विचारल्यासारखं.

"नाहीतर सोलेनचे हात गेले. नाहीतर दोर तुटला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनी मिळून पूर्ण घंटा सुरू केली, कारण आता आमच्याशिवाय कुणी वाजवणारं नव्हतं. हातमोजे फाटले, त्याखालची कातडी गेली. आठ वाजून गेले तेव्हा करड्या उजेडात पोलिसांची बर्फगाडी आली. त्यातून उतरलेला तरुण काय बोलतोय ते मला घंटेत ऐकूच येत नव्हतं. शेवटी त्याने माझ्या हातांवर हात ठेवून दोर थांबवला.

"कॉम्बेतला आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे. आजोबा, सोडा आता."

बोटं उघडेनात. ओदिलने ती एकेक करून सोडवली.

आलेसच्या इस्पितळात क्लेमांसच्या डाव्या हाताची करंगळी कापावी लागली. बाकीची वाचली. चौथ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. ओदिल उशाशी होती, मी पायाशी. उशाशी बसायला धीर होत नव्हता.

"आधी दोन घंटा ऐकू आल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, दोन्ही वाड्यांतलं एकेक माणूस हरवलंय. माझ्यासाठी कोण वाजवणार? तुम्हाला तर मी खाली राहते म्हणून सांगितलेलं. तरी आवाजाकडे जायला बघितलं. कधी इकडून यायचा, कधी तिकडून. सायकल हातात धरून चालत होते, चाकाखाली खडी करकरली की वाट, मऊ लागलं की दलदल, असं करत. एकदा कमरेपर्यंत आत गेले. सायकल आडवी पडली होती, तिला धरून वर आले. हातमोजा तिथेच गेला. मग माल्टाच्या एका दगडाआड थांबले. तिथून एकच घंटा ऐकू यायला लागली, म्हटलं एक सापडला. मग तीही थांबली." ती हसली. "इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, दोघंही घरी पोचले. मग बसले. बसल्यावर थंडी वाजायची थांबली."

बर्फात बसल्यावर थंडी वाजायची थांबते म्हणजे काय, ते आमच्याकडच्या पोराटोरांनाही माहीत असतं. ओदिलने तिचा चांगला हात घट्ट धरला.

"मग उठलीस कशी?" तिने विचारलं.

क्लेमांस खिडकीकडे बघत राहिली. "कॉम्बेतची पुन्हा सुरू झाली होती, पण उठावंसं वाटलं नाही. छान झोप येत होती. मग आपल्या फेसोलची ऐकू आली. एक टोला. मग कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा एक."

ओदिलने माझ्याकडे बघितलं नाही.

"मला वाटलं, मी सकाळी तशी निघून गेले, आणि बाबांना काहीतरी झालं. बाबा गेले. मग कशी झोपू? उठले. रडत रडत सायकल ढकलत निघाले. घराकडेच निघाले होते, पण चाक कॉम्बेतच्या वाटेला लागलं, आणि खाली खडी होती म्हणून सोडलं नाही. म्हटलं, मेंढरांसारखं कुठेतरी तर पोचेन. बापाच्या मातीला तरी वेळेवर पोचावं."

सोलेनने दार उघडलं तेव्हा क्लेमांसने तिला आधी तेच विचारलं होतं, माती कधी आहे. सोलेनला काही कळेना, ती म्हणाली, कुणाची? आणि माझी मुलगी म्हणाली, माझ्या बाबांची.

मी पायाशी बसलो होतो, धडधाकट, आणि मान वर करून तिच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती.